चवीचा रकाना

माझी पीएचडी जुलाबावर आहे. आता मी हे बिनधास्त सांगते, पण काम चालू होतं तेव्हा आमच्या घाटकोपरच्या घरात हा शब्द काढायची बंदी होती. आई शेजारणींना "पोटाच्या आजारांवर औषध शोधते" म्हणायची, बाबा नुसतं "केमिस्ट्री" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा बघायला आलेल्या मुलाच्या आत्याने फारच खोदून विचारलं, "पण म्हणजे नक्की कशावर?" मी म्हटलं, "लूज मोशनवर." आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढे त्यांचा फोन आला नाही. बरंच झालं, मुलगा तसाही ढब्बू होता.

या सगळ्याला जबाबदार एकच बाई. माझ्या गाइड.

अंधेरीतल्या एका संस्थेत तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती आणि मॅडम तिथे चाळीस वर्षं झाडांच्या साली उकळत होत्या. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट शूज, आणि खांद्याला एक पिशवी, तिच्यात कात्री, चिमटा, प्लॅस्टिकच्या थैल्या आणि अर्धवट चावलेल्या काड्या. पाठीमागे सगळे त्यांना काडेचिराईत म्हणायचे. तापात पोरांना नाक दाबून पाजतात ना, ते. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, मी आले तेव्हा ते होतंच, आणि मॅडमनाही ठाऊक होतं. एकदा ऑफिसात नव्या आलेल्या क्लार्कने कुणीतरी चढवल्यामुळे पाकिटावर खरंच "श्रीमती काडेचिराइत" असं लिहून पाठवलं. आम्ही जागच्या जागी गार. मॅडमनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "चिराईतातली ई दीर्घ. शिकवा रे त्या गाढवाला कोणीतरी."

आमचं काम काय असतं ते एकदा सांगून टाकते. झाड आणायचं, वाळवायचं, कुटायचं, उकळायचं, त्या अर्कातून एकेक द्रव्य वेगळं करायचं आणि त्यातलं कुठलं जंतू मारतं ते बघत बसायचं. बहुतेक द्रव्यं काहीच मारत नाहीत. जे मारतं ते पेशंटलाही मारतं. यात माणसाचं अख्खं आयुष्य आरामात जातं. मॅडमचं गेलं. चाळीस वर्षांत त्यांच्या लॅबमधून एकही गोळी बाजारात आली नाही, आणि हे त्यांना कुणी सुनावलं की त्या म्हणायच्या, "झाडाला कुठे माहीत होतं त्याला गोळी व्हायचंय?"

पण मॅडमची खरी ख्याती वेगळी होती. त्या झाडं चाखायच्या. कुठलंही पान, साल, मूळ समोर आलं की आधी नाकाला आणि मग थेट तोंडात. मुलुंडला त्या राहायच्या त्या सोसायटीच्या बागेत वॉचमनने त्यांना रंगेहाथ पकडलं होतं.

"मॅडम, फूल तोडना मना है."

"फूल किसको चाहिये? मेरेको छाल चाहिये."

"वो भी मना है."

"बोर्ड पे लिखा है क्या?"

बोर्डावर फक्त फुलांचं लिहिलेलं होतं. पुढच्या महिन्यात सोसायटीने नवा बोर्ड लावला: फूल, पान, फांदी, साल, मूळ तोडू नये. मॅडम आम्हाला अभिमानाने सांगायच्या, "बियांचं विसरले बावळट."

आमच्या लॅबमधल्या रूपेशच्या बहिणीचं लग्न होतं बोरिवलीला. मॅडम आल्या, नवरानवरीकडे जायच्या आधी दारातल्या सजावटीचं एक पान खुडलं आणि चावलं. "प्लॅस्टिक," त्यांनी मुलाच्या आईला सांगितलं. "पैसे कापून घ्या डेकोरेटरचे." त्या माउलीला वाटलं ही बाई मुलीकडची कोणीतरी भांडकुदळ मावशी आहे. रूपेश आजही म्हणतो, बहिणीच्या सासरी अजून विचारतात, त्या पान खाणाऱ्या मावशी कशा आहेत म्हणून.

पावसाळ्यात मुंबईचं पोट बिघडलं की मॅडम खुशीत असायच्या. पेपरात गॅस्ट्रोची बातमी आली की सकाळी सकाळी कापून लॅबच्या दारावर डकवायच्या. "बघा रे, लोक हगून मरतायत आणि तुम्ही दहाला येता!" हा शब्द त्या सगळ्यांसमोर वापरायच्या. डायरेक्टरसमोरसुद्धा. "पोटाचं संशोधन करायचं आणि शब्दाला लाजायचं, मग शिवणकाम करा," असं त्यांचं म्हणणं.

एका मोठ्या औषध कंपनीचा मॅनेजर आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपवर रंगीत चित्रं. यंत्रं आता तासाला किती नमुने तपासतात ते सांगत होता. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातावर सालीचा एक तुकडा ठेवला. "चावा." बिचाऱ्याने चावला. मग त्याचा चेहरा जो काही झाला तो सांगता यायचा नाही. रुमालात थुंकला, पाणी प्यायला, परत थुंकला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला असं होतं का? नाही ना? मग त्याला काय कळणार!" कंपनीने अर्थातच पैसे दिले नाहीत.

मात्र आम्हाला चाखायची सक्त मनाई होती. मी यायच्या आधी रूपेशने हुशारी करून कसलंसं मूळ चाटलं होतं, तर तीन तास त्याचं तोंड बधिर होतं आणि लाळ गळत होती. तेव्हापासून लॅबचा नियम ठरला. चाखणार फक्त मॅडम. एक जाडजूड नोंदवही होती. झाडाचं नाव, कुठून आणलं, कधी आणलं, रंग, वास, आणि शेवटचा रकाना चवीचा. तो रकाना मॅडम स्वतःच्या हाताने भरायच्या आणि खाली सही ठोकायच्या. त्या नोंदी वाचण्यासारख्या होत्या. "आधी काही नाही, मग एकदम बोंब." "कडू, पण प्रामाणिक." "तुरट. जेवणापर्यंत राहिली. वरण वाया गेलं." इतर लॅबवाले वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडून झाडाचा दाखला घ्यायचे. मॅडमही घ्यायच्या, पण नाक मुरडून. त्यांच्या जिभेचा निकाल आणि दाखला यांच्यात कधी फरक पडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आता माझ्या झाडाकडे येते. कुडा. आमांशावर गावोगावी याच्या सालीचा काढा देतात. पण कुड्याला एक भाऊ आहे. एकाच्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात, दुसऱ्याच्या बियांना गोडा इंद्रजव. झाडं उभी असताना शेंगांवरून ओळखू येतात. साल वाळली, कुटली, गोणीत भरली की दोघं सारखेच. औषध पहिल्यात आहे. दुसऱ्यात आमांशाला जुमानेल असं काही नाही. आणि दोघांत फरक करायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे जीभ. पहिला इतका कडू की माणूस देवाला शिव्या घालेल, दुसरा नुसताच फिका.

माझी पहिली साल मॅडमनी स्वतः कर्जतकडच्या रानातून आणली होती, चाखून, दाखला घेऊन. त्यातून मी एक द्रव्य वेगळं काढलं, ते आमांशाच्या अमिबाला धडाधड मारत होतं. मॅडम त्या दिवशी खुर्चीतून उठून आल्या, माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि "बरं आहे" म्हणाल्या. रूपेश म्हणाला, "झकास! अगं तिने मला पाच वर्षांत एवढंसुद्धा म्हटलं नाही." मी त्या दोन शब्दांवर महिनाभर तरंगत होते. पण साल संपत आली होती. जे मिळालं ते दुसऱ्या सालीतूनही मिळायला हवं, तरच थिसिस. नियमाप्रमाणे जुन्या सालीची एक बाटली मॅडमच्या कपाटात ठेवली आणि बाकी वापरून टाकली.

मग ती तापाची साथ आली आणि सगळं बंद पडलं. मॅडमनाही ताप आला, मुलुंडला एकट्याच होत्या, फोनवर आम्हालाच झापायच्या की काळजी कसली करता, वाचन करा. लॅब उघडली तेव्हा त्या परत आल्या, थोड्या वाळलेल्या, बाकी तशाच. फक्त स्वभाव जरा निवळलेला वाटला. पूर्वी कँटीनचा चहा एक घोट घेऊन बेसिनमध्ये ओतायच्या, आता मुकाट पूर्ण प्यायच्या. पूर्वी कुणाच्या डब्यात हात घातला की "हिंग जळलाय", "तेल जुनं आहे" सुरू. आता रूपेशची आई एकदा उसळीत मीठ घालायला विसरली, रूपेशने स्वतः डबा बाजूला ठेवला, आणि मॅडमनी तो खाऊन "छान झालीय" म्हटलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हातारपणी माणूस मऊ होतं, असं आमचं शहाण्यांचं निदान.

रानात जायला परवानगी मिळेना आणि मॅडमचा गुडघाही कुरकुरत होता, म्हणून दुसरी साल आम्ही घाटकोपरच्या एका जडीबुटीवाल्याकडून घेतली. गोणी आली. मॅडमनी मूठभर घेतली, तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली, आणि रकान्यात लिहिलं: "अति कडू." सही. मी दाखल्याचं विचारलं तर म्हणाल्या, "मी चाखलंय ना? मग कशाला त्यांच्या पायऱ्या झिजवतेस?"

आणि माझी वाट लागली.

त्या सालीतून काहीही निघेना. काचेच्या पट्टीवर जिथे माझ्या द्रव्याचा ठिपका यायला हवा तिथे कोरी काच. मी परत केलं. परत केलं. पाणी बदललं, भांडी बदलली, आंबवून बघितलं, थंड काढलं, गरम काढलं. अमिबा मजेत. मॅडम पट्टी खिडकीत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "साल चांगली आहे. तुझा हात बसत नाही." दुसऱ्या महिन्यात "लक्ष नाही तुझं." चौथ्या महिन्यात सगळ्यांसमोर, "पहिल्या वेळी नशिबाने निघालं असेल तुझ्या हातून." आठ महिने मी हे ऐकलं. घरी जाऊन स्वतःचे हात बघायचे मी, खोटं नाही सांगत. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात डॉक्टर लागणारी मी पहिली होणार होते, बाबांनी त्याच्यासाठी रिटायर झाल्यावर दुसरी नोकरी धरली होती. माझी मुदत संपत आलेली. महिन्याभरात कमिटी बसणार होती, आणि दुसऱ्या सालीतून ते द्रव्य दाखवता आलं नाही तर माझं नाव रद्द होणार होतं. पाच वर्षं पाण्यात.

त्याच दिवसांत आईचं पोट बिघडलं. दोनदा दुकानातल्या गोळ्या घेऊन झाल्या. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "एवढी पाच वर्षं त्या कुड्याच्या मागं लागलीस, जराशी साल आण की माय घरी. का दुनियेलाच देणार?"

आई वाशिमकडची. तिला कुडा पुस्तकातून माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी चोरून पुडीत थोडी साल आणली. आईने काढा केला, पदर लावून कप उचलला, डोळे मिटले, दम धरून घोट घेतला. आणि डोळे उघडले.

"हे काय आहे?"

"कुडा."

"काऊन थट्टा करतेस? कुडा असा राहते का? आमच्या गावाकडं कुडा घेताना माणूस आईबापाचा उद्धार करते. हे तर नुसतं पानचट पाणी हाय."

मी कप हिसकावून घेतला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. पानचट. फिकं. नावालाही कडू नाही. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. आई म्हणाली, "अगं माझं पोट दुखते, तू काऊन बसली?" गोडा कुडा. आठ महिने मी गोडा कुडा उकळत होते, आणि माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. पहिल्यांदा हसू आलं. मग इतका राग आला की भांडी आपटून मी शेजारच्या काकूंना घाबरवलं.

पण कोडं राहिलंच. मॅडमची जीभ, आणि "अति कडू"?

कँटीनच्या मागे रूपेशला सांगितलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मीठ नसलेली उसळ, यार."

"म्हणजे?"

"बाईंना चव येत नाही. तापात गेली. वासपण गेला असणार. आणि आपण आपले म्हणतोय, म्हातारी गोड झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू सांगितलं असतंस? ती दुसरं काय करते आयुष्यात?"

"आणि माझं काय रे? माझे आठ महिने?"

"जा मग, सांग तोंडावर."

"मी? मला जिवंत सोडेल? वर म्हणेल हात बसत नाही म्हणून आता जीभ चालवतेस."

मला आधी खात्री करून घ्यायची होती. म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्यांना पकडायचं होतं. मॅडम जेवायला गेल्या तेव्हा त्यांच्या खणातली किल्ली घेतली, कपाटातल्या बाटलीतली अर्धी साल काढली. जुनी, खरी, कर्जतची. रूपेश म्हणाला, "वेडी झालीस का? मरेल बिरेल म्हातारी."

"कुड्याने कोणी मरत नाही. बंद होतं फक्त."

काढा केला. एक थेंब जिभेवर ठेवला तर कानशिलं झणझणली, डोळ्यांत पाणी. तो मी चहात घातला, चांगला अर्धा कप, वर दूधसाखर, आणि तीनच्या चहाला मॅडमपुढे नेऊन ठेवला. उभी राहिले. मॅडम काहीतरी वाचत होत्या. एक घोट घेतला. दुसरा घेतला. पान उलटलं. सगळा कप संपवला, तळाशी राहिलेलं पण. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसल्या. "आज आलं छान घातलंय गं."

आलं नव्हतं त्यात.

मी बाहेर आले. मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही झालं नाही. चव गेलेली बाई रोज नवीन नवीन खोटं बनवून बोलत होती, आल्यासकट.

मी त्यांना काही बोलले नाही. तीन आठवडे नाही बोलले. रोज ठरवायचे, उद्या. मॅडम मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि पुढे दोन वर्षं लॅब त्यांच्याकडेच ठेवायची असं वरून जवळजवळ ठरलं होतं. मी तोंड उघडलं तर ते गेलं असतं. नाही उघडलं तर मी गेले असते. दोन्ही बाजूंनी मी गप्पच बसले, आणि मॅडम मला रोज त्याच सालीवर बसवत राहिल्या.

कमिटीच्या दिवशी टेबलापलीकडे तिघे होते. डायरेक्टर, एक विद्यापीठाचे आणि एक बाहेरचे तज्ज्ञ, ज्यांना मॅडम खासगीत "पांढरा डगला" म्हणायच्या. मी चित्रं दाखवली. पहिली साल, ठिपका. दुसरी साल, कोरी काच, कोरी काच, कोरी काच. मॅडम कोपऱ्यात बसलेल्या. रूपेश प्रोजेक्टरपाशी.

तज्ज्ञ म्हणाले, "फरक का पडतो?"

मी तोंड उघडलं. सगळं ओठावर होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा एकदा करून बघते, सर."

"आणखी किती वेळा? आठ महिन्यांत हात बसत नसेल तर मॅडम, स्पष्टच बोलायला हवं..."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "हात बसलाय तिचा. चांगला बसलाय. साल खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"गोडा कुडा आहे तो."

डायरेक्टरांनी नोंदवही उघडली. "इथे तर 'अति कडू' लिहिलंय. सही तुमची आहे."

"अक्षरही माझंच आहे. ते खोटं लिहिलंय मी. मला दोन वर्षं चव येत नाही. तापात गेली, परत आलीच नाही. वासाचंही तेच. तुमच्या मीटिंगमधला समोसा मला पुठ्ठ्यासारखा लागतो."

"तो सगळ्यांनाच तसा लागतो," विद्यापीठाचे पुटपुटले.

"मग साल कडू नाही हे तुम्हाला कळलं कसं?" डायरेक्टरांनी विचारलं.

"मला नाही कळलं, हिला कळलं. हिने माझी परीक्षा घेतली. जुन्या सालीचा काढा चहातून पाजला मला. मी कप चाटूनपुसून संपवला आणि आलं छान आहे म्हणाले."

माझे कान तापले. रूपेशने प्रोजेक्टरच्या वायरीत डोकं घातलं, जणू तिथेच काहीतरी बिघडलं होतं.

"हे अत्यंत गंभीर आहे," तज्ज्ञ म्हणाले.

"गंभीर कसलं, उपयोगी आहे." मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "चहात मला काही कळलं नाही. पण त्यानंतर अडीच दिवस माझं पोट गच्च बसलं. मी घड्याळ लावून जाणारी बाई आहे, साहेब. तिसऱ्या दिवशी तिथे बसल्या बसल्या विचार केला, असं घट्ट करणारी एकच वस्तू माझ्या ओळखीची आहे आणि ती माझ्या कपाटात आहे. येऊन बघितलं तर बाटली अर्धी. हिने माझी जीभ तपासली, म्हणजे गोणीतली साल हिला कडू लागली नव्हती. जीभ गेली असेल, पोट शाबूत आहे. तेव्हा पहिला नमुना लागू पडतो. हवं तर लिहून घ्या."

कुणी लिहून घेतलं नाही. तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्षांत तुमच्या लॅबमधून एक औषध बाहेर पडलं नाही, मॅडम. आणि आता हे?"

"पडलं की एक. मीच घेतलं. गुण आला."

डायरेक्टरांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. "मुलीचं नाव रद्द करू नका," त्या म्हणाल्या. "तिच्याकडून काही चुकलं नाही. सगळं माझ्या नावावर घाला."

घातलं. मला एक वर्ष वाढवून मिळालं, दाखला घेतलेल्या नव्या सालीच्या अटीवर. मॅडमच्या पुढच्या दोन वर्षांचा विषय त्याच खोलीत, त्याच दहा मिनिटांत संपला, आणि तो संपताना कुणी फारसा आवाजही केला नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. कठडा धरून हळूहळू उतरत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही.

"मॅडम, सॉरी. चहाचं..."

"गप गं. तू एक कप पाजलास. मी तुला आठ महिने पाजत होते." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "तोंडावर का नाही विचारलंस?"

"तुम्ही कबूल केलं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"नाही. तुलाच काढून टाकलं असतं. आणि रडू नकोस उगाच, मी आत काही फार थोर वागले नाहीये. तुला माहीत आहे हे मला तीन आठवडे माहीत होतं. तीन आठवडे रोज सकाळी ठरवायचे की आज बोलते, आणि रोज तुला परत त्याच सालीवर बसवायचे. आजही तो डगलेवाला तुझ्या हाताबद्दल बोलला नसता तर बोलले असते की नाही, देव जाणे."

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तीन आठवडे. म्हणजे अगदी कालपर्यंत कोरी पट्टी खिडकीत धरून "लक्ष नाही तुझं" म्हणत होत्या तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. डोक्यात सणक गेली, आणि मी जन्मात कुठल्या शिक्षकाला बोलले नव्हते ते बोलले.

"हा शुद्ध हरामखोरपणा आहे, मॅडम."

वरच्या मजल्यावर रूपेश होता, त्याच्या हातातून वायरीचं भेंडोळं खाली पडलं.

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मान हलवली.

"हां, असं बोलायचं," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या महिन्यात."

आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.